बिब्ब्याची जखम

माझ्या डाव्या पायाच्या शिरा कासऱ्यावानी फुगून वर आल्या आहेत. अमडापूरच्या मळ्यात पन्नास वर्षं उभ्यानं वांग्याले पाणी दिलं, त्याचं हे फळ. पाय जड झाला की माझी बायको निरगुडीचा पाला उकळून शेक द्यायची, एरंडाचं पान तव्यावर गरम करून पोटरीवर ठेवायची अन् वरून जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची. म्हणे, "बैलाचा पाय यापेक्षा हलका असते." मी डोळे मिटून पडून राहायचो.

मागच्या पोळ्याच्या आधी ती गेली.

पाय ठणकाले लागला. पाला मीही उकळला, पण आराम पडला नाही. मग अक्कल चालवली. टाचेच्या भेगांवर बिब्बा लावतात, तर शिरेवर काऊन नाही? बिब्बा दिव्यावर तापवला अन् त्याचं तेल शिरेवर लावत गेलो. कातडी जळाली, फोड आले, घोट्यावर जखम झाली. दोन महिने भरेना.

पोरगा चिखलीले राहतो. "घर बंद करा, इकडं या," म्हणून मागे लागला. मले घर सोडायचं नव्हतं. तिचं सारं तिथंच आहे. जखम भरली तर राहीन, नाही तर जाईन, असं ठरलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "बाबा, बिब्बा कोणी लावला?"

"म्याच."

"शिकले किती?"

"चौथी. त्यात बिब्बा नव्हता."

तो हसला नाही. जखमेवर पाला-बिला काही लावायचा नाही म्हणाला. रोज मलमपट्टी करायची अन् वरून पंज्यापासून गुडघ्यापर्यंत लांब पट्टी घट्ट बांधायची. माझा हात पंज्यापर्यंत पोचत नाही. मी बांधली की पट्टी घोट्यावर गोळा होई.

पोरानं सुनेले पाठवलं. आमच्या घरी सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. वीस वर्षं ती सासूले सांगे, सासू मले. आता मधलं माणूसच नाही. ती दारात उभी राहून मांजरीले म्हणाली, "चहा झाला म्हणा त्याइले."

मीही मांजरीलेच म्हटलं, "ठेव म्हणा तिले."

दुसऱ्या दिवशी तिनं पदर सावरला, खाली बसली अन् माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढाले लागलो.

"हालू नका, मामाजी," ती मलेच म्हणाली.

पट्टी पंज्यापासून वर चढत गेली, कुठं सुरकुती नाही.

"कोठी शिकलीस?"

"आत्याबाईनं दाखवलं. त्या अशीच बांधायच्या. तुम्ही पाहिलं नाही कधी?"

दोन दिवसांनी तिच्या पोरांची शाळा होती, तिले परत जायचं होतं. म्हटलं, "पोराले सांग, मी येतो." तिनं माझे कपडे पिशवीत भरले.

चिखलीले आलो. जखम भरली. डॉक्टर म्हणतो, पट्टी आता जन्मभर. मग घर उघडून करू काय? सकाळी पट्टी बांधताना सून दोन शब्द बोलते. मग दिवसभर मी गॅलरीत पाय उशीवर ठेवून बसतो. खालून माणसं जातात. मले इथं कोणी ओळखत नाही.