येताना वारं समोरून असतं

नागपूर विमानतळाच्या दारात बाबांनी माझं तिकीट मागितलं. आर्वी आगारात तीस वर्षं कंडक्टर होते. छापील कागद दिसला की वेळापत्रकासारखा वाचायचे. "मुंबईवून दोनले निघते, सॅन फ्रान्सिस्कोले सहाले पोचते. चारच तास! आर्वीवून नागपूरलेच तीन लागते."

आई लगेच म्हणाली, "मंग तं दर शनवारी येजो जेवाले."

तिथली घड्याळं साडेतेरा तास मागे असतात, हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी नुसता हसलो. बाबांनी परतीचं पान उलटलं. "सोमवारी निघून बुधवारी? याले दोन दिवस काऊन लागते बे?"

"येताना वारं समोरून असते, बाबा," मी ठोकून दिलं. बायको तोंड फिरवून हसली. बाबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि तिकिटाची जादा प्रत घडी करून खिशात ठेवली.

इथे अमेरिकेत दिवाळीला आम्ही मराठी माणसं कुणाच्या तरी गराजमध्ये जमतो. साडेतेरा हजार किलोमीटर, दारापासून दारापर्यंत सव्वा दिवस, वर जेट लॅग. जो तो असं सांगतो, जणू पायी चालत आला. चार वेळा आयतं खाऊन, तीन सिनेमे बघून उतरलेली माणसं ही. आमच्या या त्यागाची मला किळस येते. सगळ्यात मोठ्या आवाजात तो मीच सांगायचो.

आई गेली तेव्हा आर्वीत सोमवारची सकाळ होती, इथे रविवारची संध्याकाळ. चुलतभावाचा फोन आला, "दादा, थांबू का?" रात्रीच्या विमानात जागा होती, समोर स्क्रीनवर दिसत होती. मंगळवारी दुपारपर्यंत घरी पोचलो असतो. पण सोमवारी मोठ्या साहेबांसमोर माझं प्रेझेंटेशन होतं. मी बोलायच्या आत मागून बाबांचा आवाज आला, "त्याले दोन दिवस लागते. थांबू नोका. तिचे हाल नोका करू."

मी गप्प राहिलो. प्रेझेंटेशन चांगलं झालं. प्रमोशनही मिळालं.

तेरवीला गेलो तेव्हा मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, "आईच्या मातीले काऊन नाई आला रे?" मी खाली बघत होतो. बाबांनी खिशातून घडी पडून मऊ झालेलं ते जुनं तिकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे पाह्य ना. सोमवारी निघते, बुधवारी पोचते. त्याच्या हातात हाय का?" तीस वर्षांच्या नोकरीची सगळी पत त्यांनी माझ्यामागे उभी केली. मावशीने मान डोलावली. तेव्हाही मी बोललो नाही.

घर म्हटलं की आता मला अंगण आठवत नाही, आईचा स्वयंपाकही नाही. माझ्यासाठी भांडणारा तो म्हातारा आठवतो आणि परत जायची भीती वाटते. तरी पुढच्या महिन्यात जातोय. आर्वीत कुणी हे वाचलंच, तर बाबांना वाचून दाखवू नका. तेवढं मला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.