खिंडार तसेच ठेवावे

नाल्याच्या भिंतीला पडलेले खिंडार मी पावलांनी मोजले होते. चौदा पावले. तिथून माझ्या थोरल्या बहिणीच्या उंबरठ्यापर्यंत नऊ. दोन्ही आकडे मी वहीत लिहिले आणि बातमीत फक्त पहिला दिला.

गाव चांदूर रेल्वेपासून चार मैलांवर. नाला गावाला वळसा घालतो आणि रस्त्याखालच्या मोरीतून पुढे जातो. मोरीच्या अलीकडे, जिथे तो वळतो, तिथे दगडी भिंत होती. रस्ता वाहून जाऊ नये म्हणून ती बांधलेली होती. तिच्यामागे खालच्या अंगाला आमची वस्ती होती, म्हणून तिचाही बचाव होत असे. आम्ही बौद्ध होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. वस्तीची जागा मात्र तीच होती.

त्या साली भादव्यात पूर आला. मोरीच्या तोंडाशी पऱ्हाटीचे भारे आणि बाभळीच्या फांद्या अडकल्या, पाणी मागे तुंबले आणि भिंत कोसळली. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. बाईच्या घरात कमरेइतके पाणी शिरले. माणसे वाचली, पण अंगणात पेव होते, जमिनीखालचे, त्यातली वर्षाची ज्वारी भिजली. भिजलेली ज्वारी आंबते आणि तिचा वास महिनाभर हटत नाही. पुढे कधीही त्या पुराचा विषय निघाला की बाई पाण्याबद्दल बोलत नसे, वासाबद्दल बोले.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात बातमीदार होतो. पूर ओसरल्यावर जनपद सभेचा ओव्हरसियर येऊन गेला. तालुक्यातली अशी कामे तेव्हा जनपद सभेकडे असत. त्याने रस्त्यावर उभे राहूनच पाहिले आणि सांगितले की पूरहानीच्या दुरुस्तीसाठी रक्कम मंजूर होऊ शकते, पण वरचे साहेब येऊन मापे घेईपर्यंत कोणी हात लावू नये. नुकसान डोळ्यांना दिसले तरच मंजुरी. मी सहा ओळींची बातमी दिली. शेवटचे वाक्य असे होते: 'पाहणी होईपर्यंत ग्रामस्थांनी खिंडार तसेच ठेवावे, असे सांगण्यात आले आहे.' वाक्य अचूक होते. भाऊजींनी, म्हणजे बाईच्या नवऱ्याने, ते कात्रण दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवले.

भाऊजी रेल्वेत गँगमन होते. खडी, मुरूम आणि पाण्याची ओढ यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध. ते म्हणाले, "दोन दिवसाचं काम हाये. दहा माणसं लागतीन अन् आठ-दहा बैलबंड्या मुरूम."

"थांबा जी, भाऊजी," मी म्हणालो. "आपण भरलं तं पक्की भिंत कधीच होत नाई."

"थांबतो ना. तुमच्या पेपरात छापून आलं, आता थांबाच लागते."

हिवाळ्यात कोणी आले नाही. उन्हाळ्यात जनपद सभा गेली, जिल्हा परिषद आली आणि चांदूरला पंचायत समितीचे कार्यालय उघडले. कागद या कपाटातून त्या कपाटात जात होते. मी तिथे जाऊन चौकशी केली. कारकून सौजन्याने वागला. प्रकरण सापडले आहे, साहेबांचा दौरा सोमवारी आहे, असे त्याने सांगितले. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा जीप नादुरुस्त होती आणि दौरा पुढच्या सोमवारी होता. तिसऱ्या खेपेला त्याने मला विचारले, "खिंडार अजून आहे ना?"

"आहे."

"मग काळजी कशाची?"

जेठ निम्मा सरला होता. बाईने धान्याची पोती माळ्यावर चढवली. नाल्याच्या पात्रात तिने एक पहार ठोकून घेतली आणि तिला गुडघ्याच्या उंचीवर लाल चिंधी बांधली. पात्र कोरडे होते. तरी ती दिवसातून चार वेळा ती चिंधी पाहून येई. एकदा माझी वही उघडी होती, तेव्हा तिने विचारले, "काहून रे, हे नऊ पावलं तुह्या पावलाचे का माह्या?"

"माझ्या."

"अन् पाण्याचे किती होतीन?"

मी वही मिटली.

एका शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने मी चांदूरला उतरून गावी आलो. वरच्या अंगाला आभाळ काळे होते. भाऊजींच्या घरामागे फाटक्या पोत्यांची रास होती. धामणगावच्या जिनिंगमधून आणलेली पोती मुरमाने भरून त्यांची तोंडे सुतळीने शिवलेली होती. खिंडाराला त्यांनी हात लावलेला नव्हता. दहा-बारा माणसे जमली होती.

"टाकू का?" भाऊजींनी विचारले.

"परवा साहेब येऊन राहिले. या टायमाले पक्कं हाये. जीप सुधरली, मी स्वतः पाहिली."

"सोमवार तं दर हप्त्याले येते, पेपरवाले," मागून कोणीतरी म्हणाले. माणसे हसली. पोती तिथेच राहिली.

रविवारी दुपारची जेवणे आटोपली तेव्हा गावात पाऊस नव्हता. बाई चिंधी पाहायला गेली आणि पळत परत आली. चिंधी दिसत नव्हती. आम्ही पोहोचलो तेव्हा गढूळ पाणी खिंडाराच्या तळातून वस्तीकडे वळले होते. भाऊजींनी मला काही विचारले नाही. साखळी करून माणसे उभी राहिली, बायाही राहिल्या, आणि पोती हातोहात पुढे सरकू लागली. मीही त्या रांगेत होतो. पहिले थर वाहून गेले. भाऊजी पाण्यात उतरले, पोती आडवी न टाकता एकमेकांत गुंतवून रचा म्हणून ओरडत राहिले. उन्हे कलायच्या आत खिंडार बंद झाले. पाणी उंबरठ्यापासून दोन पावलांवर थांबले होते. ते मी मोजले नाही. बाईने मोजले.

सोमवारी जीप खरोखरच आली. साहेब तरुण होता, बोलायला सरळ होता. हातात फीत घेऊन तो पोत्यांसमोर उभा राहिला.

"खिंडार कुठे आहे?"

"याच्याच खाली हाये, साहेब."

"मला दिसलं पाहिजे. ही पोती काढा, मी मापं घेतो, मग परत लावा. तासाभराचं काम आहे."

आभाळ भरलेलेच होते. माणसे माझ्याकडे पाहू लागली. भाऊजी म्हणाले, "काय करावं?" या वेळी कोणी 'पेपरवाले' म्हटले नाही. पोती काढली नाहीत तर मंजुरी जाणार होती. काढली आणि पाणी आले तर घर जाणार होते. नऊ महिने मी थांबा म्हणत आलो होतो.

बाई आली आणि पोत्यांवर बसली.

"पोते मोजा ना जी," ती म्हणाली. "जेवढे पोते तेवढं खिंडार. आमी काय हौसेनं रचले का?"

साहेब हसला. त्याने फीत लावून लांबी घेतली, रुंदी घेतली. मग तो थांबला. "खोली?"

पोत्यांच्या मागे पाणी उभे होते. खोली कोणाला दिसत नव्हती. कोणीतरी सांगितले की मी सगळे लिहून ठेवले आहे. साहेबाने माझ्याकडे पाहिले. मी वही काढली. चौदा पावले, नऊ पावले, पुराच्या पाण्याची घरातली उंची, वाहून गेलेल्या बकऱ्या. खिंडारात उतरून ते किती खोल आहे, हे मी नऊ महिन्यांत कधीच पाहिले नव्हते.

"काल माह्या छातीलोक होतं," भाऊजी म्हणाले.

"छाती कागदावर लिहिता येत नाही," साहेब म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याने तो रकाना कोरा सोडला.

पावसाळ्यातच प्रकरण परत आले. खोलीचा तपशील नाही, असा शेरा होता. त्या पावसाळ्यात भाऊजींनी पोती दोनदा बदलली. मंजुरी पुढच्या वर्षी आली, तिची बातमी मी चार ओळींत दिली. पण त्याआधी खोली लागली.

ती चैत्रात घेतली. नाला कोरडा होता, ऊन कडक होते, आभाळात ढग नव्हता. साहेब फीत घेऊन पुन्हा आला. भाऊजींनी मधली पोती काढून एक माणूस उतरेल एवढी जागा केली आणि मी आत उतरलो. फितीचे खालचे टोक मी धरले, वरचे साहेबाने. आकडा माझ्या वहीतही लिहिला.

बाई दारात उभी होती. तिला आत ये म्हणालो, ऊन लागेल. ती वरच्या अंगाच्या आभाळाकडे पाहत होती.

"अगोदर ते पोते लावा," ती म्हणाली, आणि शेवटचे पोते जागेवर बसेपर्यंत तिथून हलली नाही.