ओळंबा टेकला नाही
ओल्या मुरमाचा वास आला की मला सोलापुरात आमचं घर बांधायला काढलं तो चौऱ्याहत्तर सालचा वैशाख आठवतो. वडील कोकणातले. तिकडे हातभर खणलं की जांभा दगड लागतो, म्हणून इथल्या काळ्या मातीतही "तीन फूट पाया पुरे, आजच भरा," यावर ते अडून बसले. म्हातारा गवंडी वाद न घालता जमिनीला पडलेल्या भेगेपाशी उकिडवा बसला आणि दोरीला बांधलेला ओळंबा आत सोडू लागला. दोरी तीन फूट उतरली, चार उतरली. आईनं माझं मनगट घट्ट आवळलं. दोरी संपली, तरी ओळंबा टेकला नाही. "सायेब, ही माती पावसात फुगती, उन्हात फाटती. खाली मुरूम लागंपतुर खणायचं का न्हाय?" वडिलांनी स्वतःच कुदळ उचलली. आज घराला तडा नाही. उन्हाळ्यात अंगणात पडणाऱ्या भेगेवरून मात्र मी अजूनही उडी मारूनच जाते.