मागून हाक
आमच्या तापीकाठच्या गावात भावाने बांधलेली शर्यतीची गाडी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा बघायला आलेल्या एका म्हाताऱ्याने तिच्याभोवती फेरी मारली आणि निकाल दिला, "हाई तं खाट शे, चाकं लायेल." त्याचं फारसं चुकलं नव्हतं. वर छत नाही, दारं नाहीत, एकच माणूस मावेल एवढी जागा, आणि चारी चाकं अंगाबाहेर उघडी. इंजिन मोडीत निघालेल्या एका छोट्या मोटारीचं. बाकीचा सांगाडा आम्ही दोघांनी पंपाच्या खोलीत पाइप जोडून उभा केला होता. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला गाडी चालवता येत होती, मला ती उघडता आणि बसवता येत होती. आमचं तेवढ्यावर छान चाललं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. नव्या चालकांसाठी तेव्हा देशपातळीवरच्या ज्युनिअर अजिंक्यपदाच्या चार शर्यती हिवाळ्यात होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या आणि मग ओस पडलेल्या विमानांच्या धावपट्ट्या हेच त्यांचं मैदान. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ही सगळी थेरं वाटत. त्यांना केळीच्या बागेला थोरला मुलगा हवा होता. भाऊ हटेना, तेव्हा ते म्हणाले, "एक साल देस तुले. जिकना तं तुन्हा रस्ता धर. हारना तं वावरमा ये, मंग गाडीनं नाव काढू नको." भावाने मान हलवली. त्या एका हिवाळ्यावर त्याने सगळा जन्म लावून टाकला.

पहिल्या शर्यतीला निघताना माझ्या हातून एक चूक झाली. गाडी ट्रकवर चढवून नंदुरबार स्टेशनला न्यायची होती. भाऊ अंगणाबाहेर पडला आणि मला ओट्यावर त्याचा गॉगल दिसला. मी ओरडलो, "भाऊ, चष्मा ऱ्हायना." मायने कपाळावर हात मारला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मारलीच, तर त्याने परत येऊन घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. ट्रकवाला घाई करत होता, भाऊ बसला नाही. शर्यतीत दुसऱ्याच फेरीला इंजिन बंद पडलं. कार्बोरेटरमध्ये कचरा होता, तो मी माझ्या हाताने काढला. तरीही दोष माझ्या हाकेचाच, असं भावाला वाटलं, आबांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं. परतताना भुसावळ येईपर्यंत भाऊ माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या शर्यतीत तो दुसरा आला. तिसरी त्याने जिंकली. बाकीच्यांच्या गाड्या परदेशातून आलेल्या, त्यांचे मेकॅनिक पांढऱ्या कपड्यांत, आणि आमच्या खाटेजवळ पायजमा घातलेला मी एकटा. आता घोडामैदान जवळ होतं. मद्रासजवळची शेवटची शर्यत जिंकली की अजिंक्यपद भावाचं.

त्या दिवशी शर्यत सुरू होण्याच्या जरा आधी डावं पुढचं चाक हलतंय असं मला जाणवलं. मी नट आवळायला घेतला. तो मागे फिरू नये म्हणून त्यातून आरपार एक कॉटर पिन घालून तिची टोकं वाकवायची असतात. ती मी काढून दातांत धरली. पंप दुरुस्तीच्या कामापासूनची माझी सवय, बारीक वस्तू जमिनीवर ठेवली की हरवते. नट आवळून झाला तोच शिट्टी वाजली. भाऊ म्हणाला, "चाल, ढकल." मी चाकाचं झाकण बसवलं आणि गाडी ढकलली. पांढऱ्या रेषेपुढे मेकॅनिकला जायची बंदी होती. तिथून दोन स्वयंसेवक इंजिन बंद असलेली गाडी पुढे घेऊन गेले.

मी घाम पुसायला तोंडावर हात फिरवला. पिन दातांतच होती.

भाऊ वीसेक पावलांवर होता. धावत जावं तर रेष आडवी, कुणाला सांगावं तर तिथली भाषा येत नाही. उरली फक्त हाक. इतकी शांतता होती की त्याला ती नक्की ऐकू गेली असती. मी पिन हातात घेतली, तोंड उघडलं, आणि मला मायने कपाळावर मारलेला तो हात आठवला. आज नाही, असं मी स्वतःला म्हणालो. नट घट्ट आहे, दहा फेऱ्या सहज निघतील. लोक मूग गिळून बसतात, मी पिन मुठीत दाबून बसलो.

तिसऱ्या फेरीत भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. डावं चाक सुटलं आणि गाडीच्याही पुढे एकटंच धावत गेलं. ते बघून प्रेक्षक हसले. मग गाडी उलटली.

डॉक्टरांनी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. तिसऱ्या दिवशी तो नीट शुद्धीवर आला. मी उशाशी होतो. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच बसलो होतो. त्याने छताकडे बघत विचारलं, "तू माले मांगथीन हाक मारी व्हती का?"

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"माले आयकू उनी," तो म्हणाला, "पन मी मांगे दखं नही. पहिला बारना अपशकून ध्यानमा उना."

त्याला भास झाला होता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "हां, मारी व्हती."

"मंग चूक मन्हीच शे," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तेव्हा जे हलकं वाटलं, त्याची लाज मला आजही वाटते.

भाऊ वावरात परत आला. कुबडी घेऊन तो केळीच्या बांधावर बसे. गाडीचं नाव त्याने खरंच काढलं नाही. आबा मात्र जिवंत होते तोवर त्याला ऐकवत राहिले, "धाकला भाऊ हाका मारी ऱ्हायंता, तरी तू थांबना नही." भाऊ खाली मान घालून ऐकून घेई. मी तिथेच बसलेलो असे.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. जायच्या आठ दिवस आधी त्याने मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि आपण थांबलो नाही म्हणून माझी माफी मागितली. आपल्यामुळे माझ्या मेकॅनिकच्या कामाला बट्टा लागला, असंही म्हणाला.

"जाऊ दे भाऊ," मी म्हणालो, आणि त्याला माफ केलं.