दहावा टोला

टोले द्यायच्या आधी मामा कचेरीच्या तासावर, म्हणजे टांगलेल्या थाळीवर, तळहात ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "दम धर, हाणतो बरं का." मग लाकडी मोगरी उचलायचे. शेवटचा टोला झाला की पुन्हा तळहात ठेवायचे आणि काशाची ती जाड थाळी गप्प व्हायची.

निजामाच्या अमलात आमच्या तालुक्याच्या कचेरीत मी नवा मुन्शी होतो आणि ते तासावरचे चपराशी. मूळचे आष्टीकडचे, उंच, गुडघ्यात जरा वाकलेले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. थाळीवर हात कशाला ठेवता, असं मी एकदा विचारलं.

"हाणून तसंच सोडून देऊ न्हाई, मुन्शीजी. लई येळ कण्हत ऱ्हातंय ते."

'हाणणे' हा शब्द आमच्या मुलखात कुणाला नवा नाही, तुम्हीही हजारदा ऐकला असेल. मामांचा मात्र सगळा संसार त्या एका शब्दावर चालायचा. सकाळी भेटले की "भाकर हाणली का?" दुपारी लिंबाखाली "जरा डुलकी हाणतो." मी कागदावर सही केली की "हाणली का सई?" एकदा एका वकिलानं तासभर तोंड चालवलं, तर मामा दारातून म्हणाले, "लईच हाणतंय बेनं!" आणि साहेबांनासुद्धा हसू आवरेना.

खरोखर कुणाला हाणताना मात्र त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. आवारात बकरी शिरली तरी ते तिला समजावत फाटकापर्यंत घेऊन जायचे. पट्टेवाल्याला एवढा मऊपणा शोभत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. मला तेव्हा बरंच काही वाटायचं.

दहाचा शेवटचा टोला पडला की हजेरीचं बुक साहेबांच्या खोलीत जायचं. मला रोज उशीर व्हायचा. कारण सांगायलाही लाज वाटते. न्हाव्याकडून गुळगुळीत दाढी करून घेतल्याशिवाय मला कचेरीत यायचं नसायचं. एक दिवस मी मामांना म्हटलं, "मी फाटकात दिसेपर्यंत दहावा टोला हाणू नका."

"कावून? लवकर उठता येत न्हाई व्हय?"

असं म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून नऊ टोले झाले की मोगरी तशीच वर धरून ते फाटकाकडे बघत राहायचे. मी आत पाऊल टाकलं की दहावा. बाजारातले लोक हसायचे, "थांबा, मुन्शीचा टोला राह्यलाय अजून!" मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. आपल्यासाठी गावाचे दहा वाजायचे थांबतात म्हणून मी मान ताठ करून चालायचो.

आणि एक दिवस जिल्ह्याचे साहेब न सांगता आले. खिशातलं घड्याळ हातात घेऊन जिन्यात उभे राहिले. नऊ टोले झाले. दहावा होईना. मी धावत फाटकातून आत शिरलो तेव्हा कानामागे साबणाचा फेस तसाच होता. मामांनी मला पाहिलं आणि टोला हाणला.

साहेब खाली उतरले. "किस के वास्ते रोका?"

"चूक झाली सरकार. हात आखडला."

साहेबांनी त्यांच्या कानशिलात अशी लगावली की पागोटं थाळीवर जाऊन आदळलं. मी चार पावलांवर होतो. 'माझ्यासाठी थांबवला होता,' एवढंच म्हणायचं होतं. मी जिन्याच्या पायऱ्यांकडे बघत राहिलो आणि कानामागचा फेस पुसला.

त्याच दिवशी मामांना कामावरून काढलं. त्यांच्या वजिफ्याला, म्हणजे पेन्शनीला, दोन वर्षं उरली होती. तो हुकूम लिहायला साहेबांनी मलाच बसवलं, कारण कचेरीत माझं उर्दू अक्षर सगळ्यात चांगलं होतं. मी तो सुवाच्य लिहिला. एकही खाडाखोड केली नाही.

तीन वर्षांनी नारायणगडच्या जत्रेत मामा दिसले. एका मिठाईवाल्याच्या पालाच्या खुंट्या दगडानं ठोकत होते. खुंटी पक्की बसली की तिच्यावर तळहात ठेवत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"मुन्शीजी! भाकर हाणली का?"

मला रडू फुटलं. "मामा, मला दोन हाणा. आत्ता, सगळ्यांसमोर हाणा."

हातातला दगड त्यांनी खाली ठेवला.

"तुमी बोलला न्हाई त्याचं काय न्हाई मुन्शीजी. नौकरीचा घोर असतोय मान्साला. पर मी बघत व्हतो तुमच्याकडं. तुमी एकडाव वर बघायचं व्हतं."

मी थरथरत होतो. मामांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि मी शांत होईपर्यंत काढला नाही. मग म्हणाले, "बास आता," आणि पुढच्या खुंटीकडे गेले. मार त्यांनी खाल्ला होता. त्या दिवशी त्यांच्या गालावर कुणी हात ठेवला नव्हता, मी तर नाहीच. आणि हा हात मात्र मी निमूटपणे घेतला. त्या जत्रेतून मी आणखी खजील होऊन परतलो.

पुढच्या साली मिठाईवाल्याकडे चौकशी केली. "म्हातारा गेला की पावसाळ्यात," तो म्हणाला आणि पाक ढवळू लागला.

मी अजून त्याच कचेरीत आहे. दाढी घरीच करतो, दहाच्या आधी जागेवर बसतो. तासावर आता नवा माणूस आहे. दहा टोले तो अगदी वेळेवर हाणतो आणि मोगरी टाकून बिडी ओढायला जातो. थाळी बराच वेळ कण्हत राहते. उठून तिच्यावर हात ठेवावा असं मला रोज वाटतं, आणि मी मान खाली घालून लिहीत राहतो.