शिवपुरीचा म्हणून ठेवलेला पक्षी

पहाटे ग्वाल्हेर स्टेशनावर उतरलो. पुण्याहून निघताना मुलाला सांगितलं होतं, जुनं गाव बघून येतो. खरं काम शिंदे की छावनी या मोहल्ल्यात होतं. टेम्पोवाल्याने गप्पांच्या नादात मला दाल बाजारात उतरवलं. तिथे उभ्यानेच बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि बटाट्याची तिखट भाजी खाल्ली आणि सुमनताईंच्या घरी पायी निघालो.

सुमनताईंचे वडील गणपतराव एका सरदारांकडे पक्षी भरायचे. मेलेल्या पक्ष्याची कातडी सोलून, कापूस भरून तो जिवंतासारखा उभा करायचे. मी तिथे कारकून. सरदारांबरोबर दार्जिलिंगला जाऊन गणपतरावांनी एक पक्षी आणला होता. मुठीत मावणारा, तपकिरी, शेपूट जवळजवळ नाहीच, छातीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. धुक्याने भिजलेल्या उतारांवर नेच्यांखाली तो उंदरासारखा पळतो, दिसत नाही, फक्त ऐकू येतो, असं ते सांगत.

सरदार वारले, मग संस्थान विलीन झालं. संग्रह सरकारकडे गेला, आणि त्याच्याबरोबर गणपतराव आणि मीही. इथल्या मुलखातलं इथे राहणार, बाहेरचं दुसरीकडे जाणार, असं ठरलं. संस्थान गेलं, निदान हा पक्षी तरी राहू दे, म्हणून मी त्याच्या पायाला बांधलेली, कुठे सापडला ते सांगणारी चिठ्ठी बदलली आणि गणपतरावांच्या अक्षरासारखं वळण काढून ग्वाल्हेरजवळचं 'शिवपुरी' लिहिलं.

पुढे एक तज्ज्ञ आले. शिवपुरीच्या कोरड्या जंगलात हा पक्षी जगूच शकत नाही, म्हणाले. चिठ्ठी पक्षी भरणाऱ्यानेच बांधायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, अशी रीत. त्यामुळे लबाडी गणपतरावांची ठरली. ते दार्जिलिंगचं सांगत राहिले. कुणी मानलं नाही, नोकरी गेली. पक्षी मात्र कुठला ते न ठरता इथेच राहिला. मी गप्प बसलो.

सुमनताईंनी सगळं ऐकून घेतलं. चहा निवून गेला.

"बाबांना मोहल्ल्यात पहाडवाले म्हणायचे," त्या म्हणाल्या. "'पहाडवाले, आज क्या मार के लाए?' आईसुद्धा हसायची. मी पण."

"ताई, माझं चुकलं."

"मला सांगून काय फायदा, काका? जिथे तो पक्षी ठेवलाय तिथे बोला. चला, मी येते."

सरकारी संग्रहालयात गेलो. काचेच्या कपाटात पक्ष्याचा रंग उडाला होता. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने माझं सगळं ऐकलं, पाण्याचा पेलाही दिला. मग म्हणाला, "अंकल, सबूत क्या है? ऐसे तो कोई भी आकर बोल देगा."

मी पेला टेबलावर ठेवून उठलो.

बाहेर पायरीवर सुमनताई चप्पल घालत म्हणाल्या, "बाबांना पण हेच विचारलं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्या स्टेशनावर सोडायला आल्या. डब्यात पोळी-भाजी बांधून दिली. गाडी सुटल्यावर मी कितीतरी वेळ तो डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. त्या वेळी माझं एक वाक्य पुरलं असतं. आता पुरत नाही. तरी लिहितो. तो पक्षी दार्जिलिंगचा आहे, आणि गणपतराव तिथे गेले होते.