साडेसहा हजार केल्विन

"बंद कर! आधी ते बंद कर, मग काय सांगायचं ते सांग!"

काका फाटकातूनच ओरडत आले, कपाळावर आडवा हात धरून, जणू वाळवंट ओलांडून येताहेत. मी हॉलमध्ये स्टुलावर उभी, दोन्ही हात कोपरापर्यंत माशांच्या टाकीत. बाबा सोफ्यावर मटार सोलत होते. काकांच्या मागे काकू, हातात पेढ्यांचा डबा. तो द्यावा की फेकून मारावा, हे तिचं अजून ठरलेलं दिसत नव्हतं.

"पूरी गल्लीला मालूम आहे!" काका म्हणाले. "पोहेवाला मला विचारतो, भिया, भतीजी की शादी कब है? पोहेवाला! आणि मी सख्खा काका, मला पत्ता नाही. केलवनसुद्धा परभारे उरकताय!"

"कुणाचं केळवण?"

"तुझं!"

माझं वय त्रेचाळीस. माझ्या लग्नाची चर्चा घराण्यात शेवटची झाली तेव्हा इंदुरात टेम्पो धावत होते. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी एक शेंग उघडली, दाणे मोजल्यासारखे पाहिले आणि वाटीत टाकले.

झालं होतं असं. आमची टाकी सहा फूट लांब आणि अडीच फूट खोल. (ऑफिसात मी दहा फूट सांगते. एका नव्या मुलीला मगर आहे असंही सांगितलंय.) तिच्यात मासे आहेत, पण खरा जीव आहे तळाच्या गवतात. लांब पात्यांचं पाणगवत, मानपूरच्या पुढच्या एका ओढ्यातलं. बाबांनी वयाच्या पंचाहत्तरीत पँट दुमडून, गुडघाभर पाण्यात उभं राहून मुळासकट काढलं आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन घरी आणलं. टाकीवरच्या जुन्या ट्यूबखाली दोन महिन्यांत त्यातलं निम्मं कुजलं. अडीच फूट पाणी कापून तळापर्यंत जायची त्या ट्यूबची ऐपतच नव्हती.

मी दुकानं पालथी घातली. एकाने जांभळा दिवा दाखवला. "दीदी, सोलह कलर हैं, रिमोट भी है, गाने पे नाचती है." मी म्हटलं, "भिया, गवताला नाचायचं नाहीये, जगायचंय." दुसऱ्याने निळा लावून दाखवला. त्यात त्याचे मासे सुंदर दिसत होते आणि तो स्वतः चार दिवस पाण्यात राहिल्यासारखा. शेवटी मी वाचून, विचारून, दोन इंजिनिअरांशी भांडून ठरवलं की उजेड पाहिजे साडेसहा हजार केल्विनचा. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. आकडा कमी असला की उजेड पिवळा, साडेसहा हजाराला भर दुपारसारखा पांढरा. आणि असा दणदणीत पांढरा उजेड बड़ा गणपतीकडच्या एका दुकानात मिळत होता. लग्नाच्या लॉनवर गेटला लावतात ते फ्लडलाइट. मंडपवाले त्यांना अजून हॅलोजनच म्हणतात.

त्या दुकानात उभी असताना काकूचा फोन आला. आता हे समजून घ्या की इंदूरच्या मराठीत 'ळ' वर्षानुवर्षं रजेवर आहे. काकू बाळाला बाला म्हणते, केळ्याला केला.

"किधर आहेस गं?"

"बाजारात. केल्विनचं बघतेय."

"केलवनचं?" काकू म्हणाली. दुकानात ड्रिल चालू होतं, मला ते केल्विनच ऐकू आलं. "म्हणजे ठरलं?"

"ठरलं एकदाचं."

"दादांना पसंत आहे?"

"बाबांनीच सांगितलं, आता उशीर करू नको."

"दिसायला कसा आहे?"

"दिसायला ओबडधोबडच. पण पांढराशुभ्र! आणि दणकट, पाण्यापावसातसुद्धा चालतो. आज घरीच आणतेय."

"आजच?"

"हो, आणि एकाने भागणार नाही, दोन घेतेय."

तिथे फोन कट झाला. ह्यातला एक शब्द मी वाढवलेला नाही. एरवी वाढवते, इथे गरज पडली नाही.

दोन्ही दिवे मी छताला टांगले. पहिल्या संध्याकाळी बटन दाबलं आणि समोरच्या बाई आत नेलेले पापड परत वाळत घालायला धावल्या, त्यांना वाटलं आज ऊन वाढलंय. कबुतरं घरी जाता जाता परत फिरली. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ सफारी घालून, पाकीट घेऊन आत आले आणि विचारू लागले, "खाना ऊपर है क्या?" आमच्या शहरात एवढा उजेड घराबाहेर पडला म्हणजे आत लग्न आहे, ह्यात त्यांची काही चूक नव्हती. पण ज्या गवताने दोन महिने मान टाकली होती त्याने तिसऱ्या दिवशी एक हिरवं पातं वर काढलं. तेही खरं.

हे सगळं मी काकांना स्टुलावरूनच सांगितलं. काका ऐकत होते. काकू फक्त एवढंच म्हणाली, "तरीच मी म्हटलं, दोन कशाला."

वाटलं, आता हसतील. पण काका आणखी तापले.

"म्हणजे शादी नाहीच?"

"नाही."

"मग तर उतरवच! शादी असती तर महिनाभर लाव, मी वायर धरतो. पण काही नसताना? लोकांना काय सांगायचं? गवतासाठी?"

"गवतासाठीच सांगा."

"अगं बये, त्रेचालीस वर्षांची बाई, घरात ना बँड ना वरात, आणि हॉलमध्ये लॉन करून बसलीये!"

"माझा हॉल आहे, काका. उजेड करायला नवरा लागतो असं बिलावर कुठे लिहिलेलं नाही. दोनशे लग्नांत ह्याच दिव्यांखाली उभे राहून तुम्ही रबडी खाल्लीत, तेव्हा डोळे दिपले नाहीत. पोहेवाल्याला सांगा, हिची शादी नाही, हिचं गवत आहे, आणि ते हिच्या काकांपेक्षा शहाणं आहे. पुढच्या महिन्यात मी आकाशकंदीलही लावणार आहे. बारा महिने!"

आकाशकंदिलाचं तोंडातून गेलं. पण गेल्यावर मला पटलंच.

काका माझ्याशी बोलायचे थांबले आणि बाबांकडे वळले. "दादा, तू तरी बोल. बगीच्यात लोक तुला मुबारकबाद देतात. चार दिवस झाले तू तिथे आपल्या बाकावर येत नाहीस. हिला सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. बाबांनी मला आपला गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं होतं. बाबांचा सकाळचा बगीचा वीस वर्षांत आई गेली तेव्हाच चुकला होता.

काका निघाले. काकूने पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला, विचार बदलून उचलला, आणि फाटकाबाहेर गेल्यावर एक खाल्ला. ते मी उजेडात स्पष्ट पाहिलं.

मी खाली उतरले, हात पुसले. गल्लीशी मी जन्मभर भांडू शकते, त्यात मला दम लागत नाही. पण बाबांचे सगळे मित्र त्या एका बाकावर होते, आणि माझ्या दिव्यांनी त्यांना तिथून उठवलं होतं. दिवे उतरवले तर पंधरा दिवसांत गवत जाणार, हेही मला माहीत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "लोक विचारतात म्हणून जात नव्हता ना?"

"हं."

"काय सांगता त्यांना?"

"काही नाही."

"काढू का मग दिवे? खरं सांगा. मी रागावणार नाही."

बाबांनी मटारची वाटी बाजूला ठेवली. चष्मा लावला. टाकीसमोर येऊन वाकले आणि काचेला नाक लागेल इतक्या जवळून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळ पाहत गेले. मग ते सरळ झाले, चष्मा काढला.

"डावीकडे पोचत नाहीये," ते म्हणाले. "अजून एक लाव."